सुट्या वाहिनीचा भाव

जोगेश्वरी पूर्वेच्या मेघवाडीतली एखादी चाळ घ्या किंवा पश्चिमेच्या बेहरामबागेतली एखादी इमारत. एकाच जिन्यावर मराठी, उर्दू, गुजराती, भोजपुरी, तमिळ बोलणारी घरं सापडतात. एका दारामागे संध्याकाळची मराठी मालिका चुकत नाही, दुसरीकडे फक्त बातम्या लागतात, तिसरीकडे क्रिकेट नसेल तर टीव्ही बंदच. आवडी इतक्या वेगळ्या असूनही केबलचं बिल मात्र बहुतेक घरी ठरावीक साच्यातून येतं. मराठी पॅक, हिंदी पॅक, खेळांचा पॅक. आणि मराठी म्हणून जो पॅक मिळतो त्यातही हिंदी मालिका, चित्रपट, कार्टून असा बराच ऐवज भरलेला. १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक ग्राहकाला हवी ती वाहिनी सुटी घेण्याचा आणि तेवढ्याचेच पैसे देण्याचा हक्क आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, तो दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑक्टोबर २०१८ रोजी त्यावर शिक्कामोर्तब केलं. तरीही हिशेब मांडला की पॅकच स्वस्त पडतो. याचा दोष सुट्या वाहिनीच्या कल्पनेत नाही, सुटीचा भाव आणि पॅकचा भाव यांच्यातलं अंतर विकणाऱ्याच्या हाती सोडण्यात आहे, असं माझं म्हणणं आहे. समोरची बाजू पोकळ नाही, म्हणून ती केबलचालकाच्या तोंडूनच मांडतो. हा केबलचालक कोणी एक माणूस नव्हे. धंद्यात नेहमी केले जाणारे युक्तिवाद मी एका तोंडी घातले आहेत.

तो सुरुवात इतिहासापासून करेल. “साहेब, सुटं-सुटं म्हणता, पण हा धंदा उभा राहिला तेव्हा सुटं काही नव्हतंच. ९१-९२ साली आखाती युद्धाच्या बातम्या आणि पाठोपाठ स्टार, झी आले, तेव्हा आम्ही गच्चीवर डिश लावली आणि पोरांकरवी तार घरोघर नेली. त्या तारेतून जे यायचं ते सगळ्यांना यायचं. एकाला क्रिकेट द्यायचं आणि शेजाऱ्याचं तोडायचं, असं करायची सोयच नव्हती. महिन्याचा एक आकडा, आणि त्यात सगळं. पॅक आम्ही लोकांवर लादला नाही, तारेचा स्वभावच तसा होता.”

त्या काळापुरतं हे खरं आहे. पण ती अडचण कधी संपली याची तारीख नोंदलेली आहे. डिसेंबर २००६ च्या अखेरीस दिल्ली, मुंबई आणि कोलकात्याच्या काही भागांत सेट टॉप बॉक्सवर आधारलेली ‘कॅस’ पद्धत आली. तिथे पे वाहिनीची कमाल किंमत महिन्याला ५ रुपये होती आणि मोफत वाहिन्यांच्या मूळ संचाला ७७ रुपये. मुंबईत ती दक्षिणेकडच्या पट्ट्यापुरती राहिली. उपनगरं, अर्थात जोगेश्वरीही, तिच्या बाहेर. पुढे केबल कायद्यात दुरुस्ती झाली आणि ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर मुंबईत बॉक्सशिवाय केबल दाखवायची नाही असं ठरलं. त्या दिवसापासून जोगेश्वरीतल्या प्रत्येक जोडणीत कोणत्या घरात कोणती वाहिनी सुरू ठेवायची आणि कोणती बंद, हे नियंत्रणकक्षात बसून ठरवता येऊ लागलं. बॉक्सचे पैसे ग्राहकाने मोजले. सुट्या वाहिन्यांची तरतूद कागदावर तेव्हाही होती. प्रत्यक्ष निवड मात्र हातात यायला आणखी सहा वर्षं गेली, आणि त्यातली शेवटची दोनेक वर्षं भावांच्या आदेशावरच्या न्यायालयीन भांडणात गेली. ट्रायचा आदेश मार्च २०१७ चा. त्याला मद्रास उच्च न्यायालयात आव्हान देणाऱ्यांत स्टार इंडिया पुढे होती. म्हणून तारेच्या स्वभावाचं कारण २०१२ पर्यंतच चालतं. त्यानंतर पॅक टिकला तो विकणाऱ्यांना हवा होता म्हणून.

आता २०१९ च्या दरपत्रकावरून मराठी घराचं बिल मांडू. झी मराठी १९ रुपये, कलर्स मराठी १०, स्टार प्रवाह ९, सोनी मराठी ४. चारही सुट्या घेतल्या तर ४२ रुपये, १८ टक्के जीएसटीसह साधारण ४९ रुपये ५६ पैसे. पण त्याआधी नेटवर्क शुल्क होतं: शंभर वाहिन्यांपर्यंत १३० रुपये, करासह १५३ रुपये ४० पैसे. बेरीज २०३ रुपयांच्या आसपास. या बिलातला तीन चतुर्थांश भाग एकही पे वाहिनी निवडण्याआधीच लागलेला आहे. घरात फक्त चार मराठी वाहिन्या, दूरदर्शन आणि बातम्या पाहायच्या असल्या तरी शंभर जागांचं भाडं भरायचं; पन्नास जागांचा टप्पा ठेवलेलाच नव्हता. पतमानांकन संस्था क्रिसिलने २०१९ च्या सुरुवातीला असा अंदाज दिला होता की लोकप्रियतेच्या यादीतल्या पहिल्या दहा वाहिन्या घेणाऱ्याचं बिल २३०-२४० रुपयांवरून ३०० च्या घरात जाईल आणि पाचापर्यंत थांबणाऱ्याचंच उतरेल. “सुटं झालं आणि महाग झालं” ही तेव्हा सगळीकडे ऐकू आलेली तक्रार या अंदाजाशी जुळते. मात्र तिच्यावरून सुट्या वाहिनीलाच दोष देण्याआधी या बिलाचे दोन तुकडे वेगळे करून पाहायला हवेत.

पहिला तुकडा तारेचा. केबलचालक म्हणेल, “तार चार वाहिन्यांसाठी तेवढीच लांब आणि चारशेंसाठीही तेवढीच. पावसाळ्यात ॲम्प्लिफायर जळला, रस्ता खोदताना तार तुटली, बॉक्स अडकला, तर माणूस मीच पाठवतो. त्या १३० मधले ४५ टक्के माझे, ५५ सिग्नल पुरवणाऱ्या वरच्या मोठ्या कंपनीचे. ग्राहक किती वाहिन्या बघतो यावर माझा खर्च ठरत नाही.” हा युक्तिवाद मला पूर्ण मान्य आहे. तार, दुरुस्ती आणि माणूस यांचे पैसे केबलचालकाला मिळालेच पाहिजेत. मग शुल्काची मांडणीही तशीच हवी होती. पहिल्या आदेशात शंभरानंतरच्या प्रत्येक पंचवीस वाहिन्यांना २० रुपये जास्त लावले होते. १ जानेवारी २०२० च्या दुरुस्तीने त्याच १३० रुपयांत दोनशे वाहिन्या देता येतात असं ठरलं. खर्च वाहिन्यांच्या संख्येवर ठरत असता तर एका दुरुस्तीने दुप्पट वाहिन्या त्याच पैशात बसल्या नसत्या. तेव्हा तारेचं भाडं एक आणि सरळ असावं, आणि ते कोणत्या वाहिन्या निवडल्या यापासून पूर्ण वेगळं असावं. पुढे ८ जुलै २०२४ च्या दुरुस्तीने या शुल्कावरची कमाल मर्यादाच काढली आणि स्पर्धेवर भरवसा ठेवला. ज्या इमारतीत एकाच केबलचालकाची तार येते, तिथल्या घरांना त्या भरवशाचा उपयोग फार थोडा.

दुसरा तुकडा वाहिन्यांच्या भावाचा, आणि खरी गोम इथे आहे. २०१७ च्या आदेशाप्रमाणे १९ रुपयांहून महाग वाहिनी पॅकमध्ये घालता येत नव्हती. ही वरची मर्यादा होती. झालं असं की स्टार प्लस, झी टीव्ही, सोनी, कलर्स, झी मराठी अशा नावाजलेल्या वाहिन्या जवळपास एकाच वेळी बरोबर १९ वर येऊन थांबल्या. एवढ्या वेगवेगळ्या वाहिन्यांचा खर्च आणि प्रेक्षक एकसारखे असणं शक्य नाही. सुटा भाव विकण्यासाठी ठरवला नव्हता, पॅक स्वस्त दिसावा म्हणून ठरवला होता, असाच याचा अर्थ निघतो. आदेश लागू झाल्यावर काही महिन्यांतच, ऑगस्ट २०१९ मध्ये, ट्रायने स्वतः दाखवून दिलं की पॅकवरची सूट सुट्या भावांच्या बेरजेच्या ७० टक्क्यांपर्यंत जाते आहे. सुटा भाव आणि पॅकचा भाव दोन्ही एकाच कंपनीने ठरवायचे असतील आणि त्यांच्यातल्या अंतराला बंधन नसेल, तर ग्राहकाची निवड अर्जावर खूण करण्यापुरतीच उरते.

हे एका काल्पनिक पॅकवर तपासून पाहू. पंधरा वाहिन्यांच्या सुट्या भावांची बेरीज १०० रुपये. त्यात तीन नावाजलेल्या, प्रत्येकी १९ च्या. उरलेल्या बारा मिळून ४३ च्या. घराला फक्त त्या तीन हव्यात, म्हणजे सुट्या घेतल्या तर ५७ रुपये. आता पॅकवर ७० टक्के सूट दिली तर पंधरा वाहिन्या ३० रुपयांत मिळतात, दोन सुट्या वाहिन्यांहूनही कमी पैशांत. सूट ४५ टक्के असेल तर पॅक ५५ ला. तरीही तीन सुट्या वाहिन्या पॅकहून महागच. सूट एक तृतीयांशावर थांबली तर पॅक ६७ च्या आसपास येतो आणि ५७ ची निवड जिवंत होते. १५ टक्क्यांवर थांबली तर पॅक ८५ ला, आणि मग ग्राहक खरोखर विचार करून ठरवू शकतो. हे आकडे मी हवेतून काढलेले नाहीत. १५ टक्क्यांची मर्यादा २०१७ च्या आदेशात होती. मद्रास उच्च न्यायालयाने ती मनमानी ठरवून काढली. एक तृतीयांशाची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीत दुसऱ्या शब्दांत होती: सुट्या भावांची बेरीज पॅकच्या भावाच्या दीडपटीहून जास्त नसावी. मुंबई उच्च न्यायालयाने ३० जून २०२१ च्या निकालात ही दीडपटीची अट टिकवली. तिच्या जोडीची, एका वाहिनीचा भाव पॅकमधल्या सरासरीच्या तिपटीहून जास्त नको ही अट तेवढी रद्द केली. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्रायने स्वतःच मर्यादा ४५ टक्क्यांवर नेली. न्यायालयात टिकलेलं शस्त्र नियामकाने आपणहून खाली ठेवलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

“पण साहेब,” केबलचालक इथे अडवेल, “बाजारात मासळीवालीसुद्धा वाटा लावते. वाट्यात थोडं चांगलं, थोडं बारीक, आणि सगळं मिळून स्वस्त. वाहिनीचं तर त्याहून सोपं आहे. एकदा तयार झाली की आणखी एका घरात पोचवायला काही लागत नाही. मग पंधरा दिल्या तर कोणाचं काय बिघडलं?” वाट्याला माझा विरोध नाही. पण त्याच पाटीतला एक पापलेट सुटा मागितला आणि त्याचा भाव अख्ख्या वाट्याहून जास्त सांगितला, तर गिऱ्हाईक त्याला भाव म्हणणार नाही, नकार म्हणेल. आणि आणखी एका घरात वाहिनी पोचवायला काही लागत नसेल, तर तो मुद्दा सुट्या वाहिनीलाही तितकाच लागू होतो. पंधरा वाहिन्या ३० रुपयांत परवडतात, तर त्यातली एक १९ ला का?

यावर अर्थशास्त्राचा आधार घेऊन सगळ्यात वजनदार आक्षेप येतो. जॉर्ज स्टिगलर यांनी १९६३ मध्ये चित्रपटांच्या एकगठ्ठा विक्रीबद्दल जे दाखवलं, ते वाहिन्यांनाही लागू पडतं. समजा एका घराला मराठी वाहिनी २० रुपयांची वाटते आणि खेळांची ५ ची. दुसऱ्या घराला नेमकं उलट. दोन्ही मिळून २५ ला दिल्या तर दोन्ही घरं घेतात आणि दोघांनाही दोन्ही वाहिन्या मिळतात. सुट्या २० ला विकल्या तर प्रत्येक घर एकच घेतं. म्हणजे पॅकने जास्त लोकांपर्यंत जास्त वाहिन्या पोचतात. हे खरं आहे आणि नाकारून उपयोग नाही. पण याच उदाहरणात पैसे कुठे गेले ते पाहा. विकणाऱ्याला ४० च्या जागी ५० मिळाले. घरांनी मात्र जेवढं मोल वाटत होतं तेवढे सगळे पैसे मोजले, शिल्लक काही राहिली नाही. वाढलेला लाभ पूर्ण एका बाजूला गेला. अमेरिकेतल्या केबलवर क्रॉफर्ड आणि युरुकोग्लू यांचा २०१२ चा अभ्यास तर पॅकवाल्यांचा आवडता पुरावा. सगळ्या वाहिन्या सुट्या करायला लावल्या तर वाहिन्यांसाठी मोजावा लागणारा घाऊक भाव सुमारे १०३ टक्क्यांनी वाढेल आणि ग्राहकाच्या हाती फारसं काही लागणार नाही, उलट थोडं नुकसानच व्हायची शक्यता, असा त्यांचा निष्कर्ष. तो मी गंभीरपणे घेतो. म्हणूनच पॅक बंद करा असं मी म्हणत नाही. त्या अभ्यासात पॅक अजिबात नसतील आणि कंपन्या नव्याने भाव ठरवतील, अशी कल्पना आहे. माझी मागणी दोन्ही भाव एकमेकांशी बांधण्याची आहे. पॅक स्वस्त करायचा असेल तर सुटी वाहिनीही त्या प्रमाणात उतरवावी लागेल. सुटी महाग करायची तर पॅकही महाग होईल आणि गिऱ्हाईक तुटेल. आपल्याकडे नेमकी हीच गाठ सुटलेली राहिली. पॅकमध्ये बसण्याची मर्यादा १९ वरून १२ वर आणली, तेव्हा २०२१ च्या अखेरीस कंपन्यांनी नावाजलेल्या हिंदी वाहिन्या पॅकमधून काढून २० रुपयांहून जास्त भाव जाहीर केले. नुसती वरची मर्यादा आखून भागत नाही, भावांचं प्रमाण बांधावं लागतं, हा त्या प्रसंगाचा धडा ट्रायने घ्यायला हवा होता. तिने मर्यादा पुन्हा १९ केली आणि प्रमाणही सैल सोडलं.

“लहान वाहिन्यांचं काय होणार?” हा पुढचा प्रश्न, आणि मराठी माणसाला तो टोचणारा. “मोठीच्या पाठीवर बसून लहान चालते. सुटं केलं तर मराठी सिनेमाची, गाण्यांची वाहिनी कोण घेईल?” मराठीचा अनुभव मात्र वेगळा आहे. २०१९ नंतर, सुट्या भावांच्या काळातच, जानेवारी २०२० मध्ये शेमारू मराठीबाणा आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सन मराठी सुरू झाल्या, त्याही मोफत वाहिन्या म्हणून. एबीपी माझा, टीव्ही नाईन मराठी, साम यांच्यासारख्या बातम्यांच्या वाहिन्या प्रेक्षकाकडून वर्गणी न घेता जाहिरातींवर चालतात. इंग्रजी वाहिन्या बंद पडल्या हे खरं. एएक्सएन आणि एचबीओ दोन्ही २०२० मध्ये भारतातून गेल्या. पण त्यांचा प्रेक्षक आधीच मोबाइल आणि लॅपटॉपकडे वळला होता. ज्या वाहिनीला प्रेक्षक आहे तिला जाहिरात मिळते, आणि जिला प्रेक्षकच नाही तिचा खर्च मेघवाडीतल्या घराने का उचलावा, याचं उत्तर पॅकवाल्यांनी द्यायला हवं.

शेवटी तो म्हणेल, “हे सगळं आता कशाला? पोरं तर मोबाइलवर बघतात.” गळती होते आहे, हे खरंच. पे डीटीएचचे सक्रिय ग्राहक काही वर्षांत सुमारे सात कोटींवरून सहा कोटींच्या खाली आले. त्यातले काही दूरदर्शनच्या मोफत डिशकडे गेले, काही इंटरनेटकडे. पण इंटरनेटवरही पॅक बांधणं सुरूच आहे. मोबाइलच्या रिचार्जला आणि घरच्या वायफायला ॲप जोडून देतात. शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार आणि व्हायाकॉम एटीन हे दोन मोठे समूह एकाच कंपनीखाली आले. त्या कंपनीत भागीदार असलेल्या रिलायन्सच्या ताब्यात हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्याही आहेत. वाहिनी बनवणारा आणि तार टाकणारा एकाच छताखाली येतात, तेव्हा पॅक ठरवण्याची ताकद आणखी एकवटते. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या दरांचे करार न केलेल्या केबल कंपन्यांचं प्रक्षेपण मोठ्या प्रसारकांनी तोडलं, तेव्हा ग्राहकाला कोणीच काही विचारलं नव्हतं, आणि स्थानिक केबलचालकालाही नाही.

म्हणून माझा वाद केबलचालकाशी नाहीच. १९ रुपयांच्या सुट्या वाहिनीतले किमान २० टक्के वितरणाचे, म्हणजे ३ रुपये ८० पैसे, आणि त्यातला स्थानिक केबलचालकाचा वाटा पावणेदोन रुपयांच्या आसपास. त्याला पॅक खपवायला भाग पाडतात ते प्रसारकांकडून वरच्या कंपनीला मिळणारे, २०१९ पासून १५ टक्क्यांपर्यंत देता येणारे जादा सवलतीचे हिशेब. ते वाहिनी किती घरांत पोचली यावर बांधता येतात. दीडपटीची अट परत आणा, सवलत घरांच्या संख्येवर बांधायची मुभा काढा, तारेचं भाडं वेगळं आणि मर्यादेत ठेवा. मग जोगेश्वरीतला केबलचालक मेघवाडीतल्या घराला चार मराठी वाहिन्या सुट्या देईल आणि बेहरामबागेतल्या घराला फक्त खेळांची वाहिनी देईल, कारण दोन्हीकडे त्याची कमाई त्याच्या तारेतून आणि कामातून येत असेल.